आडवी ठेवलेली बाटली

आमच्या घरात सध्या सगळं दाट असतं. पाणी दाट, चहा दाट, ताकसुद्धा दाट. नवऱ्याला कंपवात होऊन सहा वर्षं झाली आणि गेल्या हिवाळ्यापासून गिळायचा त्रास सुरू झाला. पातळ पदार्थ चुकून श्वासनळीत जायची भीती, म्हणून औषधाच्या दुकानातून पांढऱ्या पावडरीचा डबा आणायचा आणि जे जे पातळ ते ती घालून घट्ट करायचं. कपाला दीड चमचा, ढवळायचं, दोन मिनिटं थांबायचं. चहाची खळ होते. "हा प्यायचा की पतंग चिकटवायचे?" असं हे रोज विचारतात. पहिल्या आठवड्यात मी हसले होते.

मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला सती-सावित्री समजायला नको. कॅनडात, मॉन्ट्रियालजवळच्या ब्रॉसार्डच्या या घरात आम्ही दोघंच. मुलगी एडमंटनला, ती रविवारी व्हिडिओवर येते, मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तरं देते, आणि शेवटी "टेक केअर ऑफ युवरसेल्फ, आई" म्हणते. तेवढंच करायचं राहून जातं. सकाळी यांना उठवायचं, बटणं लावायची, पावलं अडली की "डावा, उजवा" म्हणत वॉशरूमपर्यंत न्यायचं, गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या. व्यायामाचा तर यांना आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास म्हणून बाहेर उणे वीस. तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू वाढवले, मारले, मोजले. निवृत्त झाल्यावर पाय पसरून बसणार होते. अजून बसायचीच आहे.

पण सांगायचं आहे ते एका बाटलीबद्दल.

हे तासगावचे. घरची द्राक्षबाग. सासरे बागाईतदार, आणि हे थोरले चिरंजीव, ते इंजिनिअर होऊन पूल बांधायला मॉन्ट्रियालला आले. बाग धाकट्या दिरांकडे राहिली. पण द्राक्ष काही यांच्या अंगातून गेलं नाही. ग्रोसरीला गेलं की हे द्राक्षांपाशी थांबणार, घड उचलून देठ बघणार आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणणार, "देठ वाळलाय. तोडून पंधरा दिवस झालेत." मी ट्रॉली घेऊन पुढे निघून जायची.

वीस-बावीस वर्षांपूर्वी यांना आठवडाभर फ्रान्सच्या ल्यों शहरात काम निघालं. मी रजा टाकून सोबत गेले. शनिवारी सगळे लोक किल्ले-चर्च बघायला गेले, आणि आमच्या यांनी मला गाडीत घालून बर्गंडीत नेलं, द्राक्षबाग बघायला. मार्चचा महिना, बारीक गोठलेला पाऊस, वेलीवर एक पान नाही. एका गावाबाहेर कमरेएवढ्या दगडी भिंतीच्या आत ती बाग होती. आपल्या डोळ्यांना सवय मांडवाची. इथे गुडघ्याएवढे काळे, वाकडे खुंट रांगेत उभे, आणि खाली पांढऱ्या खड्यांची जमीन. "एवढीशी वेल?" हे म्हणाले. "आमच्याकडे हिला कुणी वेल म्हणणार नाही."

आत एक म्हातारा छाटणी करत होता. निळं जाकीट, लोकरीची टोपी, शेजारी पत्र्याच्या अर्ध्या पिंपाचा हातगाडा, त्यात छाटलेल्या काड्या जळत होत्या. हे भिंतीवरून वाकून पाच मिनिटं नुसते बघत राहिले. मग राहवेना म्हणून आपल्या ऑफिसच्या फ्रेंचमध्ये विचारलं की काडीवर फुटव्याचे किती डोळे ठेवता. म्हातारा थांबला. यांचे क्यूबेकी, तिकडे आता जुनाट वाटणारे उच्चार ऐकून हसायला लागला. म्हणाला, इंडियन माणूस आणि बोलतो माझ्या पणजोबासारखं. मग त्याने फाटकाकडे बोट केलं.

पुढचे तीन तास मी भिंतीवर बसून होते. नवरा लग्नानंतर इतका बोलला नव्हता. म्हाताऱ्याने कात्री हातात दिली, यांनी एक काडी कापली. म्हाताऱ्याने मान हलवली आणि तीच काडी आणखी आखूड केली. हे म्हणाले, "इतकं कापलं तर घड किती लागणार?" तो म्हणाला, "चार-पाच. पुष्कळ झाले." तासगावात घडांनी मांडव वाकतो, हे यांनी दोन्ही हात वर करून दाखवलं. म्हातारा म्हणाला, वेलीला लाड नकोत; तिला खाली खडकात पाणी शोधू दे, म्हणजे ती शहाणी होते. हे तत्त्वज्ञान मी नंतर पुष्कळ ठिकाणी ऐकलं. माझ्या मते त्रास देऊन कुणी शहाणं होत नाही, फक्त दमतं. पण मला कोण विचारतं.

हात जमल्यावर हे त्याच्याबरोबरीने छाटत सुटले. तीन रांगा संपवल्या. बूट चिखलाने भरले, नाक लाल, आणि चेहरा असा की मला तो तासगावच्या बांधावरच्या मुलाचा दिसला, ज्याला मी कधी बघितलंच नव्हतं. मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. या माणसाने आयुष्यभर पूल का बांधले, असं मनात आलं.

मग म्हाताऱ्याने आम्हाला तळघरात नेलं. भिंतींवर काळी बुरशी, कांबळ्याइतकी जाड. माझ्या हाताला खाज सुटली. एक तुकडा स्लाइडवर घेऊन बघावासा वाटत होता. म्हाताऱ्याने धूळ बसलेली एक बाटली उघडली, त्याच भिंतीच्या आतल्या द्राक्षांची, तीस वर्षं जुनी. अंगठ्याएवढी वाईन दोघांना दिली. मला ती जुन्या लाकडी कपाटासारखी लागली. यांनी मात्र डोळे मिटले, आणि बराच वेळ मिटूनच उभे राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "अगं, द्राक्षाचं असं काही होऊ शकतं, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला माहीत नव्हतं."

निघताना हे एक बाटली विकत मागत होते. म्हाताऱ्याने पैसे घेतले नाहीत. तीन रांगांची मजुरी म्हणून एक बाटली दिली, पाच वर्षं मुरलेली. आणि बजावलं: अजून पंधरा वर्षं तरी उघडायची नाही. आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. अंधारात, गार जागी, पण गोठता कामा नये. हलवायची नाही. माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाला, "मादाम, हलवायची नाही." जणू त्याला दिसत होतं.

आमच्या घराला पुढच्या पायऱ्यांखाली कोल्ड रूम आहे, बेसमेंटमधून जायची. माझी लोणची, गूळ, कोकम, कांदे-बटाटे तिथे. खालच्या फळीवर यांनी एका जुन्या मफलरवर बाटली आडवी ठेवली. कांदे आणायला म्हणून हे उठून जात आणि दहा मिनिटांनी हात हलवत परत येत. मला कळत असे की हे तिला बघून आले. हे हौशी नव्हते. वाईनची पुस्तकं, मासिकं, काही नाही. एरवी पार्टीत हातात देतील ते पीत. पण ही बाटली म्हणजे यांच्या हातची छाटणी होती. पुलांवर यांचं नाव कुठे कोरलेलं नाही. या बाटलीवरही नव्हतं, पण यांना ते दिसायचं.

आता माझी गोष्ट.

इथल्या आमच्या मराठी मंडळींत एक रीत आहे. कुणाचे आई-वडील भारतातून राहायला आले की त्या घरातल्या बाटल्या गराजमध्ये जातात. कुणी कुणाला शिकवलेलं नाही, पण सगळ्यांच्या घरी हेच. पन्नाशीचे डॉक्टर, प्रोफेसर, नातवंडं झालेले. पण आई विमानातून उतरायच्या आत बिअर, व्हिस्की, सगळं टायरांमागे. आई-वडील उन्हाळ्यात येतात, पानं गळायच्या आत परत जातात, बाटल्या पुन्हा आत येतात. कधी काही बिघडलं नाही.

आमच्या सासूबाई मात्र आल्या सप्टेंबरात. "बरफ बघूनच जानार," म्हणाल्या. बाई कडक. बागेतली द्राक्षं वाईनच्या कारखान्याला घालायची म्हणून दिराने एकदा नुसता विषय काढला, तर दोन दिवस जेवल्या नव्हत्या. त्यांना लोणचं रोज लागायचं, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या स्वतः उठून कोल्ड रूमकडे निघाल्या. मी आडवी गेले. "तुम्ही कशाला, मी आणते." हे ऑफिसात. मी बाटली उचलली आणि गराजमध्ये, रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे नेऊन ठेवली. चांगली आडवी ठेवली, मफलरसकट. चार दिवसांत दुसरी जागा बघू म्हटलं.

चार दिवसांचे चार महिने झाले. सकाळची शिफ्ट, मुलीची परीक्षा, संध्याकाळी सासूबाईंसाठी भाकरी, त्यांचे गुडघे, त्यांचा "हितं मान्सं बोलत का न्हाईत गं?" हा रोजचा प्रश्न. आई घरात असेपर्यंत हेही कोल्ड रूमकडे फिरकले नाहीत. चोराच्या मनात चांदणं. मी बाटली विसरले. साफ विसरले. जानेवारीत उणे तीसपर्यंत गेलं, आठवडाभर वर आलं नाही. गराजला हीटर नाही.

फेब्रुवारीत रस्त्यावर टाकायचं मीठ घ्यायला गराजमध्ये गेले, तेव्हा दिसली. बूच अर्धं बाहेर आलं होतं, वरची कथलाची टोपी फुगून फाटली होती, आणि मफलरवर काळपट लाल डाग गोठला होता. मी तिथेच मिठाच्या पिशवीवर बसले. मग उठले, बाटली लाँड्रीच्या सिंकमध्ये ठेवली, बर्फ सुटेपर्यंत थांबले, तळहाताने बूच आत दाबलं, टोपी बोटांनी चपटी केली, पुसली. सासूबाई वर टीव्ही बघत होत्या. मार्चमध्ये त्या गेल्या, आणि बाटली परत फळीवर गेली. मफलर मी धुतला. डाग पूर्ण गेला नाही, पण कोल्ड रूममधला दिवा मंद आहे.

सांगायला हवं होतं. त्याच दिवशी सांगितलं असतं तर हे चार दिवस बोलले नसते, मग बोलले असते. पण मी दमलेली होते आणि भांडायचीही ताकद नव्हती, म्हणून म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. मग वाटलं, उघडतील तेव्हा बघू. बूच एकदा वर आलं, हवा आत गेली, आता आत काय चाललं असेल हे मला, जंतूंत आयुष्य काढलेल्या बाईला, कुणी सांगायला नको होतं. तरी मी गप्प राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि मूठ झाकलेलीच राहिली, कारण हे ती उघडेचनात. पंधरा वर्षं झाली तेव्हा म्हणाले, अजून दोन थांबू. मुलीच्या लग्नात व्याही शुद्ध शाकाहारी, वर वाईनचं नाव नको. निवृत्तीला मित्र पन्नास. एका बाटलीत कुणाकुणाला पुरणार? प्रत्येक प्रसंग हिच्यापुढे छोटा पडायचा. आमच्या घरात चांगली भांडी पाहुण्यांसाठी, चांगल्या चादरी पाहुण्यांसाठी, मग बाटली कुणासाठी? बहुधा देवच येणार होते. पाहुणे आले की हे त्यांना खाली नेऊन बाटली दाखवायचे, तीन रांगांची गोष्ट सांगायचे, आणि मी जिन्यात चिवड्याच्या वाट्या घेऊन उभी. कुणी वाकून जवळून बघायला लागलं की माझ्या पोटात गोळा यायचा. वीस वर्षं हा गोळा मी सांभाळला. यांची बाटली, माझा गोळा.

गेल्या महिन्यात गिळायचं तपासायला येणारी मुलगी आली. सरकारी आरोग्य केंद्रातून येते, गोड आहे, "बोंजूर मस्यू" म्हणत यांना चमच्याने काय काय भरवून गळ्यावर दोन बोटं ठेवून बघते. त्या दिवशी यांनी तिला विचारलं, "वाईन चालेल?" तिने गोळ्यांची यादी बघितली, डॉक्टरांना फोन केला आणि म्हणाली, चार चमचे, घट्ट करून, बसून, सावकाश. मग जिन्यापाशी मला बाजूला घेऊन तिने दुसरंही सांगितलं: गिळणं वेगाने उतरतंय, उन्हाळ्यापर्यंत कदाचित तोंडाने काही देता येणार नाही. मी मान हलवली. हे मला अपेक्षित होतं, तरी ती गेल्यावर मी बराच वेळ तिचे बूट भिजलेली चटई पुसत बसले.

आत गेले तर हे म्हणाले, "रविवारी बाटली उघडू."

"प्रसंग काय?" मी विचारलं. तोंडातून सवयीने गेलं.

"मला अजून गिळता येतंय, हा प्रसंग."

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. शेजारणीला यांच्यापाशी बसवून दारूच्या दुकानात गेले. मनात आलं होतं की दुसरी जुनी बर्गंडी आणावी आणि या बाटलीत ओतावी. कपाटांपुढे उभी राहिले. तिथल्या मुलीने विचारलं, काय हवंय मादाम, आणि मला रडू फुटलं. तिला वाटलं कुणी तरी गेलं. मी पाणी प्यायले आणि हात हलवत घरी आले. शिवाय हे उघडताना समोर बसणार होते. बूच बघितल्याशिवाय सोडणारे नव्हेत. मग ठरवलं, सांगायचं. वाक्य तयार केलं: "अहो, ती गराजमध्ये गोठली होती, मीच ठेवली होती." भांडी घासताना म्हणून बघितलं, शॉवरमध्ये म्हणून बघितलं. मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट वाईन. जस्ट टेल हिम." तिच्या पिढीला सगळं जस्ट असतं. पण ती बरोबर होती. पहिला चमचा तोंडात गेला आणि चेहरा वाकडा झाला, की सांगायचं.

रविवारी दुपारी यांना इस्त्रीचा शर्ट हवा होता. घातला. खिडकीपाशी टेबलावर बसवलं. मी खालून बाटली आणली. "आडवीच धर," हे म्हणाले. आडवीच धरली. स्क्रू लावला, फिरवला, आणि बूच ओढावंच लागलं नाही. आपण होऊन वर आलं. यांनी ते हातात घेतलं. हात थरथरत होता, तरी बोटांनी चाचपून बघितलं. "जुनी झाली की सैल होतं," असं हेच म्हणाले. मी "हो" म्हटलं.

रंग कोऱ्या चहासारखा. वास माझ्यापर्यंत आला. व्हिनेगर ओळखायला मला प्यावं लागत नाही. यांच्या कपात थोडी ओतली, पावडर घातली, ढवळली, दोन मिनिटं थांबले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब दोन मिनिटं, आणि मी रोज अशी आठ वेळा थांबते. मग चमचा तोंडाशी नेला.

यांनी डोळे मिटले. जीभ हलवली. गिळलं, मी शिकवल्याप्रमाणे हनुवटी खाली करून. मी चेहऱ्याकडे बघत होते, वाक्य ओठांवर धरून. चेहरा वाकडा झाला नाही. काहीच झाला नाही.

"अजून दे," म्हणाले. दुसरा चमचा दिला. तिसरा दिला. मग डोळे उघडले.

"काही लागत नाही गं."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. पाण्यात पावडर घालून देतेस, तेच हे. वास नाही, चव नाही." मग म्हणाले, "नाक गेलंय माझं. डॉक्टरनं सांगितलं होतं, या दुखण्यात नाकही जातं. गेली चार वर्षं मला तुझ्या आमटीचा पण वास येत नाही. म्हटलं कशाला बोला. वाटलं, ही एवढी जुनी आहे, हिचा तरी येईल."

चार वर्षं. रोज माझी आमटी खाऊन "छान झालीय" म्हणत होते.

वाक्य अजून ओठांवर होतं. पण आता ते बोलून एकटी मी मोकळी झाले असते, दुसरं काही नाही.

"तू घे," हे म्हणाले. "तुझं नाक शाबूत आहे. तू मला सांग."

मी ग्लास आणला. पाहुण्यांच्या कपाटातला, पातळ काचेचा. ओतली आणि प्यायले. आंबट, कडू, घशाला चावत गेली. डोळ्यांत पाणी आलं. हे माझ्याकडे टक लावून बघत होते, पुढे झुकून, तोंड किंचित उघडं ठेवून.

"कशी आहे?"

"आधी आंबट लागते," मी म्हटलं. ते खरं होतं. "मग... मग सावकाश पसरते. लाकूड लागतं जरा. ओली माती लागते."

"द्राक्ष?"

"शेवटी. अगदी शेवटी येतं. सुकलेलं द्राक्ष, बेदाण्यासारखं."

"बेदाणा!" यांनी मांडीवर हात आपटायचा प्रयत्न केला. "तासगाव! मी म्हणत नव्हतो? अजून सांग."

मी सांगत गेले. मला वाईनमधलं काही कळत नाही, पण त्या दिवशी काय काय सुचलं कुणास ठाऊक. एकेका घोटाला मी काहीतरी नवीन सांगायची आणि हे मान डोलवायचे. महिन्याभरात यांना मी इतकं आनंदात बघितलं नव्हतं. मग हे मागे टेकले, एक लांब श्वास सोडला आणि म्हणाले, "म्हणजे थांबलो ते बरं झालं. नाही?"

त्या क्षणी मला जो राग आला तो मी कधी विसरणार नाही. यांचा, बाटलीचा, आमच्या दोघांच्या जपून ठेवायच्या खोडीचा. वीस वर्षं मी समजत होते की ही वाईन मी यांच्या तोंडातून काढून घेतली. पण गराजात गोठली नसती, म्हाताऱ्याच्या तळघरात निजली असती, तरी आज यांना ती पाण्यासारखीच लागली असती. पाच वर्षांपूर्वी, कुठल्याही एका मंगळवारी, पिठल्याबरोबर उघडली असती, तर बिघडलेली का होईना, यांना तिची चव कळली असती. तोंड वाकडं केलं असतं, मला बोल बोल बोलले असते, आणि मी सगळं कबूल केलं असतं. तेवढं तरी आमच्या वाट्याला आलं असतं.

"हो," मी म्हटलं. "बरं झालं."

"मग उभी काय? बस ना. सगळी पी. माझ्या वाटची पण तूच पी. आणि हळू पी, घाई करू नकोस."

मी बसले. दुपारच्या गोळ्यांची वेळ झाली होती, लाँड्री मशीनमध्ये ओली पडली होती, पण मी बसले. एकेक घोट तोंडात धरला, कारण हे बघत होते, आणि गिळला. पोटात आग पडली होती. मी गिळलं की यांच्याही गळ्याची घाटी हलत होती. ग्लास संपला तेव्हा यांनी दोन्ही हातांनी बाटली धरून, थरथरत, ती माझ्याकडे सरकवली, आणि मी पुन्हा ओतली.